दहाच मिनिटं झाली

आम्ही जपानच्या उत्तर किनाऱ्यावर राहायला गेलो तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. नवरा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे कॉन्ट्रॅक्टवर आलेला. पहिलं दीड वर्ष आम्ही तोक्योत, निशी-कसाईला काढलं. खाली इंडियन दुकान, वरच्या मजल्यावर सोलापूरचं कुटुंब, शनिवारी कुणाच्या तरी घरी पावभाजी. मग नवऱ्याच्या क्लायंटने एका बंदरगावातल्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नवी सिस्टिम बसवायचं काम काढलं. गाव सेंदाईच्याही बरंच वर, होन्शू बेट जिथे संपतं तिथे. काम दहा महिन्यांचं. अशा वेळी बाकीच्यांच्या बायका तोक्योतच राहायच्या, नवरे महिन्यातून एकदा येऊन जायचे. मी म्हटलं, मी येते. मी गुहागरची. समुद्राकाठी राहायला मिळतंय तर सोडायचं कशाला, असं मला वाटलं.

तिथला समुद्र उलटा निघाला. आमच्याकडे नारळी पौर्णिमा झाली की दर्या हळूहळू उतरतो, दसऱ्यापर्यंत पाणी निवळतं, होड्या पुन्हा बाहेर जायला लागतात. इथे उन्हाळाभर समुद्र गपचूप होता आणि सप्टेंबर संपता संपता गावातली माणसं लहान होड्या ओढून वर काढायला लागली. दक्षिणेकडून येणारी वादळं तोक्योवरून जाताना दमतात, टीव्हीवाले त्यांचं नावही घ्यायचं सोडतात. पण वर येऊन थंड हवेला भिडली की ती पुन्हा उठतात. पाऊस सरळ पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. मला ते कुणीतरी नीट समजावून सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. लहानपणापासून समुद्र पाहिलेल्या माणसाला समुद्राबद्दल कुणी सांगितलेलं पटकन आत जात नाही.

आमच्या घराशेजारी एक म्हातारं जोडपं राहायचं. आजी सत्तरीच्या, आजोबा त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. मी त्यांना ओबाआसान, ओजीसान म्हणायची. इथे आजी-आजोबाच म्हणते. आजींचा कोंबूचा धंदा होता. कोंबू म्हणजे हाताएवढ्या रुंद पानांचं समुद्री शेवाळ. उन्हाळ्यात ते काढून गोट्यांवर वाळवतात आणि मग शरदात शेडमध्ये बसून कापतात, जाडीप्रमाणे वेगळं करतात, गठ्ठे बांधतात. गावात गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात आजींनी मला विचारलं, "सकाळी येशील का मदतीला?" मला मासळीला हात लावणं जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "हे शेवाळ आहे," त्या म्हणाल्या, "याला डोळे नसतात." मुलीला होइकुएनमध्ये, म्हणजे तिथल्या पाळणाघरात, सोडून मी रोज तीन तास त्या शेडमध्ये काम करायची.

आजोबा पूर्वी स्वतःची होडी चालवायचे. मी त्यांना पाहिलं तोवर त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. सकाळी जेवलेलं ते दुपारी विसरायचे, पण वारा कुठून येतोय हे खिडकीशी उभं राहून बरोबर सांगायचे. माझ्या मुलीशी त्यांचं जमायचं. ती त्यांच्याशी जपानीतच बोलायची, माझ्याहून कितीतरी चांगलं. मी मराठीत काही विचारलं तरी तोवर तिचं उत्तर जपानीत यायला लागलं होतं. आजोबांनी तिला दोराच्या तीन गाठी शिकवल्या होत्या. होडी त्यांच्या आजारपणामुळे दोन वर्षांपूर्वी विकली होती, पण ते आजोबांच्या लक्षात राहायचं नाही. कधी कधी ते बूट चढवून दाराशी उभे राहायचे. आजी म्हणायच्या, "आज सुट्टी आहे." ते बूट काढून आत यायचे.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली ती गोष्ट. सकाळी सातलाच गावातल्या भोंग्यावरून घोषणा झाली. वाऱ्यात अर्धे शब्द उडून जात होते. मला 'उंच लाटा' आणि 'किनाऱ्याजवळ जाऊ नये' एवढं कळलं. नवरा लवकर गेला होता, कारण कोल्ड स्टोरेजच्या तळमजल्यावर सर्व्हर होते आणि ते वर न्यायचे होते. मुलीला होइकुएनला सोडून मी परत आले तर आजी रेनकोट घालून आमच्या दारात उभ्या. शेडमध्ये वर्षभराचा वाळलेला माल जमिनीवर होता. तो माळ्यावर चढवायचा, ताडपत्र्या बांधायच्या. त्यांची बहीण आणि भाचा तिथे पोचले होते.

"दोन तास यांच्याजवळ बसशील?" आजी म्हणाल्या. "दाराला वरची कडी घाल. खालचं कुलूप त्यांना आतून उघडता येतं."

मी गेले. आजोबा कोतात्सूत पाय घालून बसले होते. कोतात्सू म्हणजे खाली हीटर असलेलं, वरून रजई घातलेलं बुटकं टेबल. त्यांनी मला ओळखलं नाही, पण जागा करून दिली. बाहेर पाऊस पत्र्यावर मूठभर खडे फेकल्यासारखा थांबून थांबून येत होता. आजोबा सारखे खिडकीकडे बघत होते. "पूर्वेचा," ते म्हणाले. "संध्याकाळी उत्तरेला फिरेल." मग थोड्या वेळाने त्यांना तिथेच झोप लागली. तोंड थोडं उघडं, एक हात रजईबाहेर.

अकरा वाजून गेल्यावर माझा मोबाइल वाजला. होइकुएनमधून बाई बोलत होत्या. नदीचं पाणी वाढतंय, आम्ही बंद करतोय, लगेच येऊन मुलीला न्या. मी नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा नुसतीच रेकॉर्ड केलेली बाई बोलली.

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांना उठवून अशा पावसात बरोबर न्यायचं म्हणजे वेडेपणा. वरची कडी आतून लागायची. मी बाहेर गेले तर ती घालणार कोण? होइकुएन चालत दहा मिनिटांवर. ते गाढ झोपले होते. मी खालचं कुलूप बाहेरून लावलं, हँडल दोनदा ओढून पाहिलं आणि निघाले.

दहा मिनिटांच्या रस्त्याला वीस लागली. छत्री पहिल्याच वळणावर मोडली. होइकुएनच्या दारात आयांची रांग होती, प्रत्येकीची सही घेऊन मूल देत होते, आणि रांगेत कुणी पुढे घुसत नव्हतं. मीही घुसले नाही. मुलीला पाठीवर घेऊन, वरून माझाच रेनकोट दोघींवर ओढून, ओजीसान एकटेच झोपलेत, पटकन जाऊ या, असं तिला सांगत मी परत आले तेव्हा बारा वाजले होते.

आजींचं दार सताड उघडं होतं. बूट काढायच्या जागेत पावसाचं पाणी साचलं होतं. खुंटीवरचा आजोबांचा पिवळा मेणकापडी कोट नव्हता. गमबूटही नव्हते.

मी घरभर हाका मारल्या, मागचं कोळशाचं खोपटं पाहिलं, गल्लीच्या दोन्ही टोकांना पळत गेले. माणूस दिसेना. कोपऱ्यावर गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची छोटी इमारत होती. तिथे सात-आठ पुरुष वाळूच्या गोण्या भरत होते. त्यांचा प्रमुख एरवी कपड्यांना इस्त्री करून द्यायचं दुकान चालवायचा; माझ्या नवऱ्याचे शर्ट त्याच्याकडेच जायचे. मी त्याला सांगितलं, आजोबा घरातून निघून गेले.

"कधी?"

"दहाच मिनिटं झाली," मी म्हणाले.

"तुम्ही कुठे होता?"

"स्वयंपाकघरात."

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझं जपानी तेव्हा तेवढंच होतं. मूल आणायला गेले होते, ते झोपले होते, कडी बाहेरून लागत नाही, हे सगळं जोडून सांगायला लांब वाक्य लागलं असतं, आणि 'दहा मिनिटं' हा जपानीत एक शब्द होता. पण ते खरं नाही. मला ते वाक्य येत होतं. होइकुएनच्या रांगेत मी तसलीच लांब वाक्यं बोलले होते. मला भीती वाटली. ज्या बाईने विश्वासाने आपला माणूस माझ्यावर सोपवला, तिच्या गावातल्या लोकांसमोर मला 'मी त्यांना टाकून गेले' असं म्हणायचं नव्हतं.

प्रमुखाने लगेच हिशेब केला. आजोबांची चाल त्याला माहीत होती. या वाऱ्यात दहा मिनिटांत ते नदीवरच्या पुलापर्यंतसुद्धा पोचणार नाहीत, तेव्हा पुलाच्या अलीकडेच शोधायचं. पुरुष जोडीजोडीने निघाले. दोघं बांबू घेऊन नदीच्या कडेने गेले. पाणी मातीच्या रंगाचं, ओंडके घेऊन धावत होतं. त्यांना तो बांबू पाण्यात खुपसून बाहेर काढताना मी पाहिलं. तरी मी बोलले नाही. मला वाटलं, आता सापडतील. आता या वळणावर सापडतील, मग वेळ काय सांगितली याला काय अर्थ राहणार?

अर्धा तास गेला. कुणीतरी आजींना बोलावून आणलं. त्या आल्या त्या पाण्याने निथळत, हातात ताडपत्री बांधायच्या दोराचा तुकडा तसाच. त्यांनी मला काही विचारलं नाही. माझी मुलगी अग्निशमन दलाच्या इमारतीत एका खुर्चीवर टॉवेल गुंडाळून बसली होती. आजी तिच्यासमोर वाकल्या आणि, मोठी माणसं लहान मुलांना उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारतात तसं म्हणाल्या, "ओजीसान कुठे गेले असतील गं?"

"मला माहीत नाही," मुलगी म्हणाली. तिचं जपानी तिथल्या मुलांसारखं स्वच्छ होतं, प्रत्येकाला ऐकू गेलं. "ओजीसान झोपले होते म्हणून आई एकटी मला आणायला आली. आम्ही आलो तर दार उघडं होतं."

प्रमुखाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो फक्त पुढचं विचारत होता.

"तुम्ही घरातून किती वाजता निघालात?"

"सव्वाअकराला."

भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. त्याने हातातला वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि सांगितलं, "पुलापलीकडे जा. जुन्या होड्यांच्या उतारावर बघा."

ते तिथेच सापडले. होड्या पाण्यातून ओढून घ्यायचा सिमेंटचा उतार होता, वर दोर गुंडाळायच्या यंत्राचं पत्र्याचं खोपटं. त्यांची होडी पूर्वी तिथे असायची. शेवाळलेल्या सिमेंटवर पाय घसरून ते पडले होते आणि तसेच सरपटत खोपट्याच्या आडोशाला आले होते. लाटा उतारावरून त्यांच्या पायांपर्यंत येत होत्या. यंत्राच्या दोराचं टोक त्यांनी हाताभोवती गुंडाळलं होतं. पुरुष पोचले तेव्हा आजोबांनी नावं न घेता सगळ्यांना कामाला लावलं, असं मला नंतर कळलं. "दोर धरा, मी सांगतो तेव्हा ओढा," म्हणाले. त्या माणसांनीही दोर धरला, आणि मगच त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. अंग इतकं गार पडलं होतं की नाडी लागत नव्हती. ॲम्ब्युलन्स निघाली, पण शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दरड आली होती आणि लांबून वळसा घालावा लागला. आजी त्यांच्याबरोबर गेल्या. ॲम्ब्युलन्समध्ये चढण्याआधी त्या वळल्या आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कमरेत वाकून म्हणाल्या, तुम्हाला फार त्रास झाला. तो नमस्कार मलाही होता. मी त्या रांगेत उभी होते.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या जिममध्ये होतो. नदीकाठची सगळी घरं रिकामी करायला सांगितली होती. नवरा गुडघ्यापर्यंत भिजलेला आला. सर्व्हर वाचले होते. मी त्याला सगळं सांगितलं, दहा मिनिटंसुद्धा.

"तू पोरीला आणायला गेलीस. दुसरं काय करणार होतीस?"

"ते नाही. मी खोटं बोलले."

"घाबरलीस. होतं. तो माणूस वाचला ना? आता मुद्दाम जाऊन काही उकरू नकोस. इथे आपल्याला अजून पाच महिने काढायचेत. गाव लहान आहे."

त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही, हेही सांगायला हवं. मी ते धरून बसले.

वादळानंतर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कोंबूचे ढीग आले होते. समुद्र तळातून उपटून ते फेकतो, आणि सगळं गाव काट्या घेऊन ते गोळा करतं. आजी हॉस्पिटलमध्ये होत्या, म्हणून मी त्यांच्यासाठी गोळा करायला गेले. बायकांनी मला काटी दिली, कुठून ओढायचं ते दाखवलं, गरम चहाही दिला. त्यांच्या बोलण्यात एक अक्षरही वावगं नव्हतं. फक्त त्यानंतर शेडमध्ये कामाला ये असं मला कुणी म्हटलं नाही. आजींच्या बहिणीने गोड हसून सांगितलं की यंदा माल भिजला, माणसं लागणार नाहीत. शेडसमोरून जाताना मला आत चार बायका बसलेल्या दिसायच्या. त्या मान झुकवायच्या. मीही झुकवायची आणि पुढे जायची.

आजोबांना न्यूमोनिया झाला. त्या अर्ध्या तासाने फरक पडला असं मला कुणी कधी सांगितलं नाही. नाही पडला असंही कुणी सांगितलं नाही.

तीन आठवडे मी हे सहन केलं. मग एक दिवस मुलीला सोडून बस पकडली आणि तासाभराच्या अंतरावरच्या त्या हॉस्पिटलमध्ये गेले. आजी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या होत्या, मांडीवर रिकामा डबा. मला पाहून सरकल्या. मी घरून वाक्यं तयार करून नेली होती, वहीत लिहून. वही काढली नाही.

"त्या दिवशी मी स्वयंपाकघरात नव्हते," मी म्हणाले.

"ठाऊक आहे."

"आणि दहा मिनिटं…"

"तेही ठाऊक आहे. पोरीने सांगितलं ना." त्यांनी मांडीवरचा डबा बाकावर ठेवला. "पोरीला आणायला गेलीस याचं मला काही नाही. मीही गेले असते. पण शेडमध्ये फोन आहे. नंबर आमच्या घरच्या फोनवरच चिकटवलेला आहे. मला एक फोन करायचास. मी पाच मिनिटांत आले असते."

हे माझ्या तीन आठवड्यांच्या विचारात एकदाही आलं नव्हतं. नवऱ्याला मी तीनदा फोन लावला होता. त्यांच्या घरी गेले की तो नंबर माझ्या डोळ्यांसमोरच असायचा.

"आणि वेळ खरी सांगायची," आजी म्हणाल्या.

"माझं चुकलं."

त्यांनी मान डोलावली. काही हरकत नाही, असं त्या म्हणतील असं मला वाटत होतं. त्या भाषेत ते दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. त्या म्हणाल्या नाहीत.

"राग येतो," त्या म्हणाल्या. "सकाळी उठले की येतो. मग बस पकडायची असते."

मी उठावं की बसावं हे मला कळेना. एवढ्यात आतून नर्सने हाक मारली. आजी उठल्या आणि दाराशी जाऊन थांबल्या. "ये आत. चादर बदलायची आहे, एका बाजूने धर."

मी गेले. आजोबांचं अंग अर्ध्यावर आलं होतं. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, आजींनी पाठ पुसली, मी चादर ताणून कोपरे खोचले. त्यानंतर आम्ही ते गाव सोडेपर्यंत मी दर गुरुवारी आजींबरोबर त्या बसने गेले. बसमध्ये आम्ही फार बोलायचो नाही. कधी त्या संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात द्यायच्या. कधी अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत बसायच्या, आणि मला कळायचं की आज सकाळी राग आला होता आणि अजून गेलेला नाही. आम्ही पूर्वीसारख्या झालो नाही. शेडमध्येही मी पुन्हा गेले नाही.

आजोबा घरी परतले नाहीत. आम्ही निघायच्या सुमारास हॉस्पिटलमधून त्यांना डोंगराकडच्या एका वृद्धाश्रमात नेलं. मार्चमध्ये नवऱ्याचं काम संपलं आणि आम्ही तोक्योला परतलो, या वेळी ओजिमाला, सरकारी वसाहतीतल्या अकराव्या मजल्यावर. पुढच्या शरदात आजींचं पत्र आलं. मला वाचता यावं म्हणून सगळं सोप्या अक्षरांत, मोठ्या अंतराने लिहिलेलं. आजोबा गेले, झोपेत गेले, तू कोपरे चांगले खोचायचीस अशी नर्सने आठवण काढली, एवढंच. शेवटी मुलीला अभ्यास कर म्हणून सांगितलं होतं.

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. लिहून झाल्यावर चुका राहू नयेत म्हणून मी ते मुलीकडून तपासून घेतलं. तोवर ती पहिलीत जायला लागली होती आणि माझ्या अक्षरांना हसायची. तिने पेन्सिलीने दोन ठिकाणी खूण केली. मग विचारलं, हे कुणाला लिहिलंय? मी सांगितलं. तिला ते घर आठवत होतं, गाठी आठवत होत्या. ती वादळाची दुपार, ती खुर्ची, तो टॉवेल, आपण काय म्हणालो, यातलं तिला काहीच आठवत नव्हतं. मी पाकीट बंद केलं आणि आम्ही दोघी ते टाकायला खाली गेलो.